एका तुळईवरची दोन घरं

त्या मंगळवारी सकाळी मी शेजारच्या घराचं दार वाजवलं ते फक्त एवढंच सांगायला, की आज बाजूच्या घराच्या माडीखालचं लाकूड उतरवतोय, धूळ येईल, खिडक्या लावून घ्या. पाच मिनिटांचं काम होतं. त्यानंतर काय झालं ते लिहून ठेवायचं मी बरेच दिवस टाळलं, कारण त्यात चूक माझी आहे.

पनवेलच्या जुन्या गावठाणात, तळ्याच्या मागच्या अंगाला ही आळी आहे. समोरून स्कूटर आली तर चालणाऱ्यानं कुणाच्या तरी पायरीवर चढून उभं राहायचं, एवढीच रुंदी. एका टोकाला कापडवाले, किराणावाले, दुसऱ्या टोकाला मोहल्ला सुरू होतो. घरं एकमेकांना खांदा लावून उभी आहेत. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागाचे खांब, खांबांच्या मधे चुन्यात बांधलेल्या विटा, वर कौलं. पुढे ओटी, मग माजघर, मागे परसू आणि विहीर. रुंदीला घर दहा-अकरा फूट, लांबीला मात्र आत चालतच राहावं असं. जुनी माणसं सांगतात, बंदरावर पडाव लागायचे, त्यांतून लाकूड उतरायचं आणि बैलगाडीवर चढून इथे यायचं. गाड्यांची चाकं करणारे सुतार याच आळीत होते. आता हमरस्त्यावरून न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरची घरघर इथपर्यंत ऐकू येते, आणि आळीतल्या निम्म्या घरांतली पोरं सुकापूरला फ्लॅटमध्ये राहायला गेली आहेत.

मी या गावची नव्हे. उरणकडच्या मिठागरावर राबणाऱ्या माणसाची मुलगी. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. गावातल्या शाळेत गणिताच्या बाईंनी मला रविवारी घरी बोलावून शिकवलं, एक पैसा घेतला नाही. इंजिनियर झाले तेव्हा वडील म्हणाले, "आमी चिखल तुडवला. तू आता कागदावर सही कर." पनवेलमधल्या एका सल्लागार इंजिनियरांनी मला कामावर घेतलं, ते कोणाची मुलगी, कोणाच्या ओळखीची, असलं काही न विचारता. त्यांना आम्ही ऑफिसातले सगळे सर म्हणतो. या दोघांतिघांचं ऋण मी विसरत नाही. म्हणूनच त्या दिवशी सरांना फोन लावणं मला सगळ्यात जड गेलं.

पाडायचं घर कापडाच्या दुकानवाल्या शेठचं होतं. ते सुकापूरला राहायला गेले होते आणि जुन्या जागेवर तीन मजली इमारत उठवणार होते. घर कोणत्या क्रमानं उतरवायचं, शेजारच्या घरांना धोका काय, हे ठरवून नकाशा आणि अहवाल करायचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं. स्वतंत्रपणे दिलेलं माझं पहिलं काम. मी दोन दिवस टेप घेऊन त्या घरात फिरले. एका बाजूच्या घरात जाऊन आले. दुसऱ्या बाजूच्या दाराला कुलूप होतं. समोरच्या बाई म्हणाल्या, "दवाखान्यात गेलेत, संध्याकाळी येतील." संध्याकाळी मला गावी जायचं होतं. नंतर येऊ म्हटलं, आणि गेले नाही.

गेले नाही याचं कारणही सांगते. माडीच्या कोपऱ्यात चार विटा निखळल्या होत्या. तिथून टॉर्च मारला तर शेठच्या घराची भिंत संपून बोटभर फट दिसली, आणि फटीपलीकडे शेजाऱ्यांची वेगळी भिंत. पुस्तकात असतं अगदी तसं. दोन घरं, दोन भिंती, मधे मोकळी जागा. मला आनंद झाला. ती फट मी कागदावर वरून खाली थेट जोत्यापर्यंत ओढली आणि बाजूला लिहिलं, शेजारची भिंत स्वतंत्र आहे. सरांनी विचारलं, "आतून बघितलंस ना?" मी म्हटलं, "हो." मला वाटलं, ते शेठच्या घराबद्दल विचारतायत. खरं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

तर त्या मंगळवारी दार उघडलं साठीच्या पुढच्या एका बाईंनी. आळीत सगळे त्यांना चाची म्हणतात. हातात कप होता.

"धूळ येईल म्हणून सांगायला आले," मी म्हटलं. "मी बाजूच्या कामावरची इंजिनियर."

"तूच का ती?" चाचींनी कप माझ्या नाकापुढे धरला. "हे बघ. कालपासून तिकडं ठोकतात आणि भुसा माझ्या चहात. तीन वेळा ओतला. साखर तू देणार हायस का?"

"भुसा? धूळ असेल."

"धूळ मला कळत नाय होय? चाळीस वर्षं सुताराच्या घरात काढली. ये आत."

आत माजघरात शेठच्या घराकडच्या भिंतीला लागून एक रुंद खाट होती. खाटेवर चाचा. उजवं अंग लुळं पडलेलं, जीभ जड झालेली. ते गाडीची चाकं करायचे, हे चाचींनी मला चालता चालता सांगितलं. "म्हणतात, तुळई हलते. मी म्हटलं, तुळई नाय, तुमचं डोकं हलतंय."

चाचांनी डावा हात उचलून वर बोट केलं.

वर तुळई होती. शेठच्या घराकडच्या भिंतीतून निघून खोली ओलांडून पलीकडच्या भिंतीत शिरलेली, माणसाच्या कवेत न मावणारी. तिच्या मध्यावर एक आखूड खांब उभा होता, आणि सगळं छप्पर त्या खांबावर टेकलं होतं. तुळईला हिरवा तेलरंग दिलेला होता, फार जुना. पलीकडच्या भिंतीपाशी मात्र तो रंग भिंतीपर्यंत पोचत नव्हता. रंग संपत होता, मग चार बोटं उघडं, तांबूस, ताजं लाकूड, मग भिंत. जणू भिंतीत दडलेला भाग कुणी बाहेर काढला होता.

तेवढ्यात बाजूच्या घरातून पाडकामाच्या मुकादमाचा आवाज आला. "हं, खेच! हं!" कौलं किणकिणली. माझ्या डोळ्यांसमोर ते तांबूस लाकूड आणखी एक बोट वाढलं.

मग मला एकदम सगळं कळलं. शेठच्या घरात माडीखाली जी तुळई होती, ती या भिंतीत एक फूटभर शिरून संपते असं मी धरलं होतं. ती संपतच नव्हती. भिंत आरपार करून ती या घरात आली होती. दोन्ही घरांना एकच लाकूड. भिंतही खाली एकच. वर शेठच्या आजोबांनी नंतर माडी चढवली तेव्हा अर्ध्या भिंतीवर त्यांनी आपली वेगळी भिंत उचलली, म्हणून तिथे फट राहिली. मी ती फट पाहिली आणि खालचं घर वरून समजून घेतलं. तिकडून मुकादमाची माणसं ते लाकूड अख्खं बाहेर काढत होती, आणि इकडे त्याच लाकडावर चाचांच्या डोक्यावरचं छप्पर उभं होतं.

मी धावले. शेठच्या घराचा दरवाजा आधीच काढलेला होता. आत तीन वाशांच्या घोडीवरून चेनपुली लटकत होती, साखळी तुळईच्या मोकळ्या टोकाला बांधलेली, ताठ. दोघेजण साखळीवर, मुकादम पहार घेऊन भिंतीपाशी.

"थांबा!"

"काय झालं मॅडम? निघतेय. लोण्यातनं सुरी निघते तशी."

"ओढू नका. आणि सोडू पण नका, हे टोक खाली बसलं तर पलीकडचं निसटेल."

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं. "मग काय करू? धरून बसू?"

"हो. धरून बसा. ही तुळई पलीकडच्या घरात गेलेली आहे. तिथे माणूस झोपलाय खाली."

मुकादम हसायला लागला होता तो थांबला. त्यानं पहार हळूच खाली ठेवली आणि साखळीवरच्या पोरांना म्हणाला, "हलायचं नाही. खोकला आला तरी गिळायचा."

शेठ समोरच्या ओटीवर पेपर वाचत बसले होते. आवाज ऐकून आले. "काय हो मॅडम, डिले कशाला? लाकूडवाल्याला अख्खी तुळई द्यायची आहे. टेम्पो येतोय."

मी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "पण तुमच्याच रिपोर्टमध्ये दोन भिंती आहेत. तुमच्या सहीवर मी माणसं लावली."

"हो," मी म्हटलं.

सरांना फोन लावला. ते उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकले होते.

"सर, चुकलंय."

"कोणाचं?"

"माझं. त्या घरात मी गेलेच नव्हते."

मग ते म्हणाले, "किती सरकलीय?"

"पाच बोटं."

"भिंतीतली खोबण किती खोल आहे?"

"माहीत नाही."

"म्हणजे अजून किती शिल्लक ते माहीत नाही. आत कोण आहे?"

"पॅरालिसिस झालेला माणूस. खाटेवर."

"आधी तो बाहेर. मग टेकू. मला पोचायला तास लागेल, तोवर तू आहेस तिथे." ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

खाट दारातून बाहेर निघेना. चाचांनी ती खोलीतच बांधली होती, दारापेक्षा रुंद. गोधडीत घालून उचलायचं ठरलं. मुकादम आणि साखळीवरची पोरं जागा सोडून येऊ शकत नव्हती. परसात काम करणारी त्याची दुसरी दोन माणसं, मी, आणि चौथा माणूस हवा होता. शेठ दारात उभे होते.

"या शेठ, या," चाची म्हणाल्या. "घर पाडायच्या निमित्तानं तरी आमच्या उंबऱ्याच्या आत आलात."

शेठनी चपला काढल्या, पॅन्ट वर खोचली आणि गोधडीचं एक टोक धरलं. चाचा वजनानं जड होते. खाटेपासून दारापर्यंत सात-आठ पावलं. आम्ही तुळईच्या बरोबर खाली असताना पलीकडे साखळीची एक कडी घसरली. 'कट्' असा एकच आवाज. वर सगळी कौलं एकदम वाजली आणि आमच्या डोक्यांवर चुन्याचे खडे पडले. चाचींच्या तोंडून फक्त "या अल्ला" आलं. चाचांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं होतं, एवढं घट्ट की नंतर दोन दिवस तिथे निळं होतं. मग आम्ही चालायला लागलो आणि त्यांना समोरच्या ओटीवर नेऊन टेकवलं.

चाचा लगेच काहीतरी बोलायला लागले. मला एक शब्द कळेना.

"विचारतात, टेकू कुठं लावणार," चाची म्हणाल्या.

"मध्यावर. खांबाखाली."

चाचांचा डावा हात जोरानं हलला. पुन्हा ते बोलले. चाचींनी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. "म्हणतात, मध्यात नाय. टोकाला. पलीकडच्या भिंतीपासून वीतभर सोडून. टोक निसटतंय ना, मग टोक धर. आणि फरशीवर उभा नको करू, खाली पोकळ हाय. जाड फळी टाक." मग आपल्याच मनानं पुढे म्हणाल्या, "हे तुला शिकवत नाय काय कॉलेजात?"

शिकवतात. पहिल्याच वर्षी शिकवतात, की आधार सुटतोय तिथे आधार द्यायचा. पण त्या वेळी मला ते सुचलं नव्हतं.

शेठ त्या ओटीवर खाली मान घालून बसले होते. अचानक म्हणाले, "तेल लावायचो आम्ही."

"काय?"

"पावसाळा संपला की लाकडाला तेल लावायचे. आई आधी मला यांच्याकडे पाठवायची. जा, सांग, आज तेल लावतोय. मग हे लोकही त्याच दिवशी लावायचे. मला वाटायचं शेजारधर्म आहे. सणाला ताट पाठवतात तसं."

चाचा घशातल्या घशात हसले. चाचींना त्यांचं बोलणं सांगायला वेळ लागला. "एका बाजूला तेल लावलं तर वाळवी दुसऱ्या बाजूला येते. लाकूड एकच ना. म्हणून सांगायचे. सगळ्या आळीला ठाऊक होतं. तुमच्या वडलांना पण." बंदरावरून आलेलं ते लाकूड दोन घरच्या माणसांनी मिळून आणलं होतं. दोन तुकडे केले असते तर दोघांकडेही कमजोर पडलं असतं. म्हणून घरं बांधली ती लाकडाच्या मापानं.

ऐकत बसायला वेळ नव्हता. शेठच्या माडीचे उतरवलेले खांब परसात पडले होते. त्यातले तीन निवडले, मापानं कापले. आत जायची वेळ आली तेव्हा मुकादमाचा एक माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही बाहेर थांबा." मी थांबले नाही. माप मला घ्यायचं होतं, आणि नकाशा माझा होता. आम्ही दोघं आत गेलो. त्यानं खांब धरला, मी ओळंबा सोडला. ओळंबा स्थिर होईना. त्यानं माझ्याकडे न बघता म्हटलं, "श्वास सोडा मॅडम, मग बघा." सोडला. दोरी थांबली.

वर पाचरी ठोकायच्या होत्या. पहिला घाव घातला तर बाहेरून चाचींचा आवाज आला, "एकाच अंगानं नको! इकडनं एक, तिकडनं एक!" चाचा ओटीवरून आवाज ऐकूनच सांगत होते. इकडून एक, तिकडून एक. तिसऱ्या खांबाची पाचर बसली तेव्हा तुळईनं एक बारीक करकर केली आणि गप्प झाली. मी बोटांनी मोजलं. सहा बोटं. एक बोट साखळी घसरली तेव्हा गेलं होतं.

सर आले तेव्हा शेठच्या बाजूलाही टेकू लागले होते आणि मुकादमाच्या पोरांनी पहिल्यांदा साखळीवरचे हात सोडले होते. सरांनी दोन्ही घरं पाहिली, खोबणीत लोखंडी सळई घालून पाहिली. आत जेमतेम दोन बोटं लाकूड उरलं होतं. ते बाहेर येऊन शेठना म्हणाले, "ही अख्खी निघणार नाही. भिंतीच्या तोंडाशी कापावी लागेल. आणि खालची भिंत तुम्हाला ठेवावी लागेल, नवीन इमारत तेवढी आत घ्यावी लागेल."

मला वाटलं शेठ भांडतील. ते उठून चाचांसमोर उभे राहिले. "कापू का?"

चाचांनी शेठच्या घराकडे पाहिलं. मग बोलले ते चाचींनी न सांगताही सगळ्यांना कळलं. "काप."

करवत शेठच्या बाजूनं लावली. मी इकडे चाचींच्या खोलीत उभी राहून तांबूस लाकडावर पेन्सिलनं भिंतीलगत रेघ मारली आणि तिच्याकडे बघत राहिले. पलीकडे लाकूड सुटलं ते धाडकन. माझी रेघ भिंतीलाच होती.

"आता झोपवू का यांना इथं?" चाचींनी विचारलं.

"नाही. अजून नाही."

"कधी?"

"टोकाखाली दगडाचा नवा आधार बांधून होईल, मग तो वाळेल, मग बघू."

"कागदावर लिहून देशील?"

"आधी बघेन. मग लिहीन."

चाचा समोरच्या घरी राहिले. मी रोज सकाळी ऑफिसच्या आधी जायचे, रेघ बघायचे, चाचींचा चहा प्यायचे आणि टोमणे ऐकायचे. सरांनी मला पूर्ण नकाशा पुन्हा काढायला लावला. अहवालात 'आधीचा नकाशा चुकीचा होता' हे वाक्य माझ्या नावानं माझ्याकडून लिहून घेतलं. वडिलांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मानूस जित्ता हाय ना? मग सही कर अजून."

आधार वाळला. त्या दिवशी शेठच्या बाजूला माडीची उरलेली भिंत घणानं पाडायची होती. सगळ्यात जास्त हादरे तेव्हाच बसणार होते. चाची दारात उभ्या राहिल्या, हात कमरेवर.

"तू म्हणतेस ठीक हाय. मग आधी तू झोप इथं. ते ठोकतात तोवर."

मी खाटेवर आडवी झाले. पलीकडे मुकादमानं ओरडून विचारलं, "मॅडम, सुरू करू?" मी म्हटलं, "करा." पहिला घण बसला तेव्हा खाटेचे पाय माझ्या पाठीखाली थरथरले. मी तुळईकडे बघत राहिले, रेघेकडे, आखूड खांबाकडे, कौलांकडे. चाची जमिनीवर बसून माझ्याकडे बघत होत्या. घण पडत राहिले. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. शेवटची वीट पलीकडे घरंगळली आणि शांत झालं, तेव्हा मी उठून खाटेवर उभी राहिले, रेघेवर नख ठेवलं. रेघ भिंतीलाच होती.

"आणा त्यांना," मी म्हटलं, आणि गोधडीचं एक टोक धरायला बाहेर गेले.